एबीएसचा दिवा, उतरणारी बॅटरी आणि एक मल्टिमीटर

गाडी पंधरा वर्षांची झाली की इंजिनापेक्षा वायरी जास्त छळतात. माझ्या गाडीचं इंजिन आजही कुरकुर करत नाही, तेल खात नाही, पिकअप ठीक आहे. पण मधल्या काळात तिला तीन खोडी लागल्या. पहिली अशी की गाडी काढून जरा वेग घेतला की डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच घसरत फिरू न देणारी) आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम पेटायचे, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडायचा आणि थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी यायचं. रोज व्हायचं असंही नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि एबीएस जागं झालं, तर मात्र हमखास. दुसरी खोड म्हणजे गाडी चारेक दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली; सेल्फ मारला की नुसतं टकटक. तिसरी जरा भुताटकीची होती. रात्री बंद गाडीतून मधूनच लॉकचा ‘खट्’ आवाज यायचा.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निदान झालं. “ताई, एबीएसचं मॉड्यूल गेलंय. नवीन टाकू, मग कोडिंग करावं लागेल. बॅटरीही बदलून घ्या, जुनी झाली असेल.” मॉड्यूल म्हणजे गाडीचा एकेक भाग सांभाळणारा छोटा संगणक. माणूस लबाड वाटला नाही. स्क्रीनवर एबीएसचं नाव होतं, त्याने ते वाचून दाखवलं. आणि जुन्या एबीएस मॉड्यूलमध्ये आतल्या सोल्डरला बारीक तडे जातात, गरम झालं की संपर्क सुटतो, हेही खरं आहे. पण नवं मॉड्यूल नुसतं बसवून भागत नाही. त्यात गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि बाकीची माहिती भरावी लागते, हेच ते कोडिंग; हायड्रॉलिक भागासकट बदललं तर ब्रेकची हवा काढावी लागते. आणि दुसऱ्या गाडीतून काढलेलं घेतलं तर ते त्या गाडीचं कोडिंग सोबत घेऊन येतं. एवढा घाट घालायच्या आधी मॉड्यूलला पुरेशी वीज तरी मिळते आहे का, हे कुणीच मोजलं नव्हतं. ते मोजायचं मी ठरवलं.

सुरुवात अर्थातच कोड, म्हणजे मॉड्यूलांनी नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, वाचण्यापासून केली. स्टिअरिंगखाली जे सोळा पिनांचं सॉकेट असतं, ते ओबीडी-२ चं, म्हणजे गाडीतले दोष वाचण्याच्या ठरावीक पद्धतीचं. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. ही सक्ती धुराच्या नियमांसाठी होती. त्यामुळे त्या सॉकेटमधून कुठल्याही साध्या स्कॅनरला जे हमखास मिळतं, ते इंजिनाच्या आणि धुराच्या संबंधातलं. मोबाइलला ब्लूटूथने जोडायची छोटी निळी डबी अनेकांकडे असते, माझ्याकडेही आहे. ती लावली तर अॅप म्हणालं, “एकही दोष नाही.” समोर तीन दिवे पेटलेले आणि अॅप म्हणतंय सगळं छान! ते खोटं बोलत नव्हतं. ते फक्त इंजिनाच्या मॉड्यूलशी, तेही धुराच्या संबंधातल्या दोषांपुरतंच, बोलत होतं. एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, दारं, डॅशबोर्ड यांच्याशी बोलायला त्या त्या कंपनीची भाषा येणारं सॉफ्टवेअर लागतं. या डब्यांबद्दल आणखी एक सांगून ठेवते. त्यांतल्या बहुतेक ‘ईएलएम३२७’ या मूळ चिपच्या नकला असतात, आणि ‘आवृत्ती १.५’ असं अभिमानाने छापलेलं असतं. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती काढलीच नव्हती. कामचलाऊ म्हणून ठीक, पण तिच्या भरवशावर मॉड्यूलमध्ये काही लिहायला जाऊ नये.

लॅपटॉप, चांगली केबल आणि माझ्या गाडीला चालणारं सॉफ्टवेअर जमवल्यावर सगळी मॉड्यूल एकेक करून वाचली. कोडांची रांगच लागली. अशा वेळी पहिला मोह होतो तो सगळं पुसून पुन्हा काय येतं ते बघण्याचा. पुसण्याआधी सगळी यादी सेव्ह करावी, कारण कोडासोबत बरंच काही साठवलेलं असतं: दोष नोंदला गेला तेव्हाचा वेग, किलोमीटर, आणि कित्येकदा व्होल्टेजसुद्धा. पुसलं की हा पुरावाही जातो.

कोडाचं पहिलं अक्षर कुठल्या खात्याची तक्रार ते सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चासीची कामं, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूलांचा आपापसातला संवाद. माझ्या यादीत यू चीच गर्दी होती. त्यातही ‘यू०१२१’, म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, हा कोड इंजिनाने, डॅशबोर्डने, स्टिअरिंगने, सगळ्यांनी नोंदवला होता. गॅरेजवाल्याने वाचलेला कोड हाच. पण यात चार जण सांगताहेत की पाचवा गप्प झाला. तो का गप्प झाला, हे त्या चौघांना कुठून कळणार? म्हणून मी गप्प झालेल्याचं स्वतःचं म्हणणं वाचलं. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये इतर कुणाबद्दल तक्रारच नव्हती. तिथे एकच कोड पुन्हा पुन्हा नोंदला होता: पुरवठ्याचं व्होल्टेज कमी. स्पीडोमीटरचा काटा का पडायचा, तेही इथेच उलगडलं. चाकांचा वेग एबीएस मोजतं आणि डॅशबोर्डला कळवतं. ते बेशुद्ध पडलं की काट्याला बातमी देणारा कुणी उरत नाही.

संवादाची वायर ठीक आहे ना, एवढी खात्री करून घेतली. मॉड्यूल ज्या दोन पिळदार वायरींवर बोलतात ती कॅन बस. बॉशने ती १९८६ मध्ये जगासमोर मांडली. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. माझ्याकडे साठाच्या आसपास आले. मग त्या दिशेला पुन्हा फिरकले नाही.

बॅटरीही तपासून टाकली. रात्रभर चार्ज करून, मग काही तास तशीच ठेवून १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना सर्वांत खाली १०.३ पर्यंत गेली, ९.६ च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय घेतला असता. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा) चार्ज करतोय. मीटर एसी व्होल्टवर ठेवूनही बॅटरीवर बघितलं, कारण अल्टरनेटरमधला डायोड गेला तर डीसीमध्ये एसी मिसळतो आणि मॉड्यूलं वेड्यासारखी वागतात. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोडकडे बघावं. इथे त्याच्या आसपासही काही नव्हतं. बॅटरी बदलायचा सल्ला तिथेच बाद झाला.

आता खरं काम. वायरिंगचा नकाशा मिळवला आणि एबीएस मॉड्यूलला वीज कुठून येते ते शोधलं. दोन जाड वायरी बॅटरीकडून, एक पंपाच्या मोटरला आणि एक व्हॉल्व्हना. एक बारीक वायर इग्निशनकडून. आणि परतीची एक जाड काळी वायर बॉडीला, म्हणजे अर्थ. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नये, म्हणून दोन्ही बाजूंना मीटर टेकवून बघितले. सगळे ठीक. मग ओहममध्ये अर्थची वायर मोजली: ०.३. ही नोंद बघून कुणीही म्हणेल, उत्तम. पण मीटरच्या दोन्ही वायरी नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी माझा मीटर ०.२ दाखवतो. उरलेला ०.१ ओहम खरा आहे की टेकवण्यातला फरक, ते या मापात कळणारच नाही. आणि ०.१ ओहम ही क्षुल्लक गोष्ट नाही. मोबाइल चार्ज करण्याइतका प्रवाह जात असेल तर तो जाणवणार नाही. एबीएसचा पंप २० अँपिअर ओढायला लागला की मात्र त्याच ०.१ ओहमवर २ व्होल्ट गायब होतात.

मला हे शिकवलं ते एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी. त्यांना लॅपटॉप लावता येत नाही आणि लावायची इच्छाही नाही. ते म्हणाले, “वायर झोपलेली असताना नको मोजूस, पोरी. तिच्यावर ओझं टाक आणि मग बघ.” त्यांच्या पेटीत हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब आहे, दोन वायरी सोल्डर केलेला. एबीएसचा कनेक्टर काढून पुरवठ्याची पिन आणि बॅटरीचा ऋण टर्मिनल यांच्यामध्ये तो बल्ब लावला, लख्ख पेटला. मग पुरवठ्याची पिन आणि मॉड्यूलची अर्थची पिन यांच्यामध्ये लावला. तेव्हाही पेटला, आणि खरं सांगायचं तर डोळ्याला फरक कळला नाही. पण बल्ब पेटलेला असताना मीटरची एक सुई अर्थच्या पिनेला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावली, तर ०.४ व्होल्ट. दोन्ही ठिकाणं एकाच तारेची दोन टोकं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं.

कनेक्टर परत बसवला, मागच्या बाजूने पिनेला बारीक सुई लावली, मीटर किमान-कमाल पकडण्याच्या स्थितीत ठेवला आणि लॅपटॉपवरून पंपाची मोटर क्षणभर चालवली. सॉफ्टवेअरची मला सर्वांत उपयोगी वाटणारी सोय हीच आहे. कोड कुणीही वाचेल, पण गाडी जागेवर उभी ठेवून हवा तो भाग हवा तेव्हा चालवता येणं म्हणजे निम्मी लढाई जिंकणं. पंप घर्रर्र करून फिरला आणि स्टिअरिंगमागे तेच ओळखीचे दिवे पेटले. मीटरवर स्थिर आकडा २.१, मोटर सुरू होतानाचा कमाल ३.४. म्हणजे बॅटरीवर १२ व्होल्ट असताना मॉड्यूलला क्षणभर ९ सुद्धा मिळत नव्हते. पुरवठ्याच्या बाजूला हेच माप घेतलं तर तोटा ०.२ पेक्षा कमी. बऱ्याच गाड्यांमध्ये सुरू केल्यावर पहिल्यांदा थोडा वेग आला की एबीएस स्वतःची चाचणी म्हणून पंप एकदा फिरवून बघतं. गाडी काढल्या काढल्या दिवे का लागायचे आणि जोरात ब्रेक मारल्यावर हमखास का, याचं उत्तर त्या ३.४ मध्ये होतं.

अर्थची वायर नकाशावर बॅटरीच्या ट्रेखाली, आतल्या पत्र्यावरच्या एका बोल्टला जाते. बॅटरी काढली, ट्रे काढला. वरून बोल्ट अगदी सभ्य दिसत होता, पाना लावून बघितला तर घट्टही होता. काढल्यावर खरा प्रकार दिसला. थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खालच्या बाजूला पांढरट-हिरवा थर, बोटाने खरवडला तर भुकटी होऊन पडणारा. पत्र्यावर त्याच आकाराचं गोल तपकिरी वर्तुळ. पण नुसती ती भुकटी घासून परत आवळून चाललं नसतं. थिंबल जिथे तारेवर दाबलेलं असतं, तिथलं इन्सुलेशन जरा मागे सोललं तर आतली तांब्याची तार काळी ठिक्कर. बॅटरीची वाफ आणि पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आत शिरतं आणि बाहेरून काही पत्ता लागत नाही. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापत गेले, चार बोटं तरी गेली असेल. सुदैवाने लांबीला ढील होती. नवं थिंबल योग्य मापाच्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलं, वरून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली. पत्र्यावरचा बोल्टाभोवतीचा भाग पॉलिश पेपरने रंग जाऊन धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि शेवटी वरून ग्रीसचा लेप दिला. ग्रीस आवळल्यानंतर, बाहेरून. दोन धातूंच्या मध्ये भरपूर ग्रीस थापण्याची सवय अनेकांना असते, तिचा उपयोग नाही.

पंप पुन्हा चालवला. अर्थवरचा तोटा ०.०६ व्होल्ट. कोड पुसले, गाडी फिरवून आणली, मुद्दाम मोकळ्या जागी ब्रेक दाबून एबीएस चालवून बघितलं. एबीएसचा दिवा लागला नाही.

स्टिअरिंगचा दिवा मात्र जाईना. या ठिकाणी लोक घाबरून पुन्हा गॅरेज गाठतात. बॅटरी सोडवली की काही मॉड्यूल आपली ‘शिकलेली’ माहिती विसरतात. स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला सरळ म्हणजे कुठे, ते पुन्हा दाखवावं लागतं. माझ्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, मग थोडं सरळ चालवलं, की दिवा विझला. काही गाड्यांत हेच काम स्कॅनरने करावं लागतं. खिडकीची काच एका बोटाने पूर्ण वर जायची, तीही अर्ध्यावर थांबायला लागली होती. वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की ती पुन्हा शिकली. इंजिनाचा आयडलही थोडा वेळ हेलकावे खाऊन आपोआप ताळ्यावर आला. यांतलं काहीच बिघडलेलं नव्हतं.

राहिली उतरणारी बॅटरी. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर मॉड्यूलं एकेक करून झोपतात आणि सगळी झोपली की बॅटरीतून साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जायला हवा. झोपायला काही गाड्या पाच मिनिटं घेतात, काही अर्धा-पाऊण तास. घाईने मोजलं की प्रत्येक गाडी दोषी दिसते. मोजण्याचीही पद्धत आहे. बोनेट उघडं असलं तर गाडीला वाटतं अजून कुणीतरी काम करतंय, म्हणून बोनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवलं. रिमोटची किल्ली लांब ठेवली. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, बॅटरीच्या ऋण वायरीशी ओळीत. अशा जोडणीत इग्निशन चुकूनही ऑन करायचं नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. मीटरचा फ्यूज जातो, आणि फ्यूज नसलेला स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातो. ज्यांच्याकडे डीसी मोजणारा क्लँप मीटर आहे त्यांनी वायरीभोवती तो अडकवावा, ही कटकटच नको.

सुरुवातीला काही अँपिअर, मग घसरत घसरत ०.४ च्या आसपास, आणि तिथेच मुक्काम. शिवाय मधूनच आकडा उसळून वर जायचा, गाडीत ‘खट्’ व्हायचं आणि पुन्हा सगळा खेळ पहिल्यापासून. ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला साधारण ९.६ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून चार दिवसांत ३८ गेले की सेल्फ मारायला काय उरणार? उसळ्यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

या ठिकाणी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे एकेक फ्यूज काढत जा, आकडा कधी पडतो ते बघ. जुन्या साध्या गाड्यांना तो लागू आहे. मॉड्यूल असलेल्या गाडीत फ्यूज काढला-घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं, सोबत शेजाऱ्यांना उठवतं आणि तुमचं माप बिघडतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांच्यात मिलिव्होल्ट मोजावे. फ्यूजमधून प्रवाह जात असेल तर तिथे एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. कुठल्या आकाराच्या, किती अँपिअरच्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट म्हणजे किती प्रवाह, याचे तक्ते मिळतात. मी दार उघडून, त्याचंही लॅच बंद स्थितीत ढकलून, फ्यूजच्या पेटीसमोर बसून हे केलं. दोन फ्यूज बोलले: एक दारं-लॉक सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा, दुसरा रेडिओ आणि हँड्स-फ्री (फोन गाडीला जोडणारी डबी) यांचा सामाईक.

बॉडी मॉड्यूलच्या बाबतीत लॅपटॉपवरचा चालू डेटा कामाला आला. दारं नीट बंद करून यादी बघितली तर ड्रायव्हरचं दार ‘बंद’, ‘बंद’, ‘उघडं’, ‘बंद’. बंद दार क्षणभर उघडं दिसलं की गाडी समजणार कुणीतरी आलं, सगळ्यांना उठवणार, लॉक तपासणार. रात्रीचं भूत ते हेच. संशय सहसा लॅचमधल्या बारीक स्विचवर जातो आणि अख्खं लॅच बदललं जातं. त्याआधी दार आणि खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते ती हाताने हलवून बघितली. नळी हलवली की स्क्रीनवरचा शब्द बदलत होता. दार उघडताना-मिटताना त्या नळीतल्या वायरी हजारो वेळा त्याच जागी वाकतात.

बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबले, कारण दाराच्या वायरींमध्ये एअरबॅगशी संबंधित वायरीही असू शकतात. त्या सहसा पिवळ्या कनेक्टरच्या असतात आणि त्यांना मीटरच काय, बोटही लावू नये. मग नळी खांबापासून सोडवून मागे सारली. वायरी दिसायला धडधाकट. एकेक दोन बोटांत धरून हलकेच ओढली. बाकीच्या ताठ, पण एक तपकिरी वायर रबरासारखी ताणली गेली: आत तांबं तुटलेलं, बाहेर नुसतं इन्सुलेशन उरलेलं. तिच्या शेजारची अजून तुटली नव्हती, पण वाकवल्यावर आत कडकड जाणवत होती. तीही बदलली. इथे साधी वायर घालू नये, बारीक धाग्यांची लवचीक सिलिकॉनची घालावी. जोड वाकण्याच्या जागेपासून लांब, एक दाराच्या आत, एक खांबाच्या आत, आणि शेजारच्या वायरीचे जोड एकमेकांसमोर येणार नाहीत असे पुढेमागे. जोडाला सोल्डर टाळलं. सोल्डर धाग्यांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि तार नेमकी त्या काडीच्या टोकाशी तुटते.

यानंतर उसळ्या थांबल्या, खट् थांबलं, आणि आकडा ०.१८ वर आला. सुधारणा मोठी, पण ०.०५ च्या खाली नाहीच.

उरला दुसरा फ्यूज. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे सीटखाली हात घातला तर हँड्स-फ्रीची डबी कोमट. झोपलेली वस्तू कोमट कशी असेल? तिचा कनेक्टर काढला, आकडा ०.०२. वायरी, पुरवठा, अर्थ सगळं ठीक; डबी गाडी बंद झाल्यावरही जोडलेला फोन शोधत राहायची आणि झोपायचं विसरायची. इतक्या शोधाशोधीत निव्वळ सॉफ्टवेअरचा दोष हा एकच निघाला. तिच्यासाठी नंतरची सॉफ्टवेअर आवृत्ती उपलब्ध होती आणि तिच्या नोंदींत याच खोडीचा उल्लेख होता. कनेक्टर काढून ठेवला असता तरी चाललं असतं, पण गाडी चालवताना फोन कानाला लावायचा नाही म्हणून ती सोय मला हवी होती.

मॉड्यूल फ्लॅश करताना, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरताना, सर्वांत मोठा धोका मधेच वीज जाण्याचा किंवा व्होल्टेज खाली पडण्याचा. जुनं पुसलं गेलंय, नवं पूर्ण लिहिलं गेलं नाही, अशा अवस्थेत मॉड्यूल अडकलं तर ते बहुधा टेबलावर उघडूनच जिवंत करावं लागतं. इग्निशन ऑन ठेवून बसलं की गाडी सहज १०-१५ अँपिअर ओढते आणि बॅटरी हळूहळू बसत जाते. साधा चार्जर उपयोगाचा नाही, तो आपल्या टप्प्यांप्रमाणे व्होल्टेज वरखाली करतो. म्हणून १३.५ व्होल्ट स्थिर देणारा, ५० अँपिअरची ताकद असलेला पॉवर सप्लाय मागून आणला. जुना सॉफ्टवेअर क्रमांक आणि कोडिंग आधी लिहून, फोटो काढून ठेवलं. हेडलाइट, पंखा, रेडिओ बंद; लॅपटॉप चार्जरवर, त्याची झोप आणि अपडेट बंद; ओबीडी सॉकेटला ब्लूटूथची निळी डबी अर्थातच नाही, केबल. दार उघडायचं नाही अशी घरच्यांना ताकीद. टक्केवारीची पट्टी मध्येच एका आकड्यावर अशी काही थांबली की मी खिडकीबाहेर बघायला लागले. पण पुढे सरकली आणि संपली.

काम झाल्यावर बाकीच्या सगळ्या मॉड्यूलांमध्ये यू चे कोड भरलेले होते. फ्लॅश चालू असताना हँड्स-फ्रीची डबी कुणाशीच बोलत नव्हती, त्याची ती नोंद. पुसले, परत आले नाहीत. फोन पुन्हा जोडावा लागला आणि कोडिंगमधली भाषेची निवड मूळपदावर गेली होती, ती लिहून ठेवलेल्या कागदावरून परत भरली. इंजिन, एअरबॅग किंवा इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्या बाबतीत मात्र मी हा खेळ घरी करणार नाही. हँड्स-फ्रीची डबी मेली असती तर फोनची सोय गेली असती एवढंच. इमोबिलायझरशी किल्लीची ओळख तुटली तर गाडी जागेवरून हलत नाही.

शेवटचं माप ०.०२ अँपिअर, पाऊण तास थांबून घेतलेलं. गाडी नंतर दोन आठवडे न हलवता ठेवावी लागली आणि पहिल्या सेल्फला चालू झाली. सगळे आकडे, कधी आणि कुठल्या दोन बिंदूंमध्ये घेतले त्यासह, वायरिंगच्या नकाशाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आहेत. पुढच्या वेळी काही झालं तर निरोगी गाडीचे आकडे तुलनेला हाताशी असतील.

एक गोष्ट अजून राहिली आहे. डॅशबोर्ड बाहेरचं तापमान उणे ४० अंश दाखवतो. त्या सेन्सरचा रोध थंडीत वाढत जातो. वायर तुटली की रोध अनंत, आणि मॉड्यूल त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत कडक थंडी असा लावतं. सेन्सर पुढच्या बंपरमागे आहे. बंपर पुढच्या सर्व्हिसला उतरवायचाच आहे, तोवर काचेवर दव धरलं की कळतंच किती गार आहे ते.